होल्ड ऑफ, कटिंग ऑन

चहा चालेल. बिस्किटंही चालतील. पण ती केळ्यांची फणी तेवढी समोरून उचला हो, हात जोडतो. का म्हणून काय विचारता? सांगतो ना सगळं. फक्त हसायचं नाही, एवढं आधी कबूल करा. म्हणजे हसणार तुम्ही, ते मला ठाऊक आहे, ऐकणारे सगळेच हसतात. एक माझे सासरे तेवढे हसत नाहीत, आणि तेच माझं खरं दुखणं आहे.

धुळ्यात माझा इंग्लिश स्पीकिंगचा क्लास आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. खाली पंक्चरचं दुकान, वर मी. खाली हवा भरतात आणि वरही तेच चालतं, असं आमची सुनंदा म्हणते. सुनंदा म्हणजे माझी बायको. पाटीवर मी मोठ्या अक्षरांत लिहून घेतलंय, 'फाडफाड इंग्रजी'. त्यातलं नुसतं 'फाड' खरं निघालं, पण ते पुढे.

क्लासमध्ये पहिल्याच दिवशी मी काय सांगतो? इंग्रजीचे शब्द सुटे पाठ करू नका! 'गिव्ह' म्हणजे देणं, 'अप' म्हणजे वर. मग 'गिव्ह अप' म्हणजे काय, वर देणं? नाही! नाद सोडणं! आपण निर्णय घेतो, इंग्रज तो बनवतो. आपला पोरगा परीक्षा देतो, त्यांचा घेतो. आपण आंघोळ करतो, ते लोक ती घेतात. कशासोबत काय जातं ते त्या भाषेनं ठरवलेलं असतं, तिथे आपली अक्कल चालत नाही. सासुरवाडी चोपड्याकडची, केळीवाल्यांची, म्हणून उदाहरणही तिकडचंच सुचलं. मी फळ्यावर लिहायचो : 'शब्द घडानं शिका. एकेक केळं तोडून अर्थ बघू नका.'

काय टाळ्या पडायच्या त्या वाक्याला! लक्षात ठेवा ते. हेच वाक्य पुढे माझ्या घशात अडकणार आहे.

तर सासुरवाडी. सातपुड्याच्या पायथ्याला गाव, काळी जमीन, पाण्याची विहीर आणि जिकडे बघावं तिकडे केळी. सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणतं, मीही म्हणतो. माणूस कमी बोलणारा. शाळा फारशी नाही, पण बागेतून एक चक्कर मारली की कुठल्या झाडाला कालपासून पाणी कमी पडलंय ते सांगेल. या माणसाला आयुष्यात एकाच गोष्टीची मिरवण्याइतकी हौस होती. ती म्हणजे मी.

हसू नका म्हटलं ना! खरंच. 'आमना जावई इंग्रजीना मास्तर शे,' हे आबांनी पार चोपड्याच्या बाजारापर्यंत सांगून ठेवलेलं. गावात कुणी नवा पंप आणला की त्याच्या खोक्यावरचं इंग्रजी वाचायला मला बोलवायचे. मी चष्मा लावून वाचायचो, 'कीप अवे फ्रॉम चिल्ड्रन,' आणि लोक माना डोलवायचे. काय थाट होता महाराजा!

यंदा आबांनी ठरवलं की केळी परदेशी पाठवायची. आपल्या बागेतलं केळं दुबईत कुणीतरी सोलून खाईल, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. त्यासाठी त्यांनी काय नाही केलं? लेकराला टोपडं घालावं तशी एकेका घडाला पिशवी घातली. डाग पडू नये म्हणून वाळकी पानं हातानं काढली. दरवर्षी माल उचलणारा नेहमीचा व्यापारी आला, तर त्याला चहा पाजून परत पाठवला. आणि एक नवीकोरी पांढरी टोपी आणून ठेवली. माल भरलेल्या गाडीसमोर उभं राहून फोटो काढायचा, त्या दिवसासाठी.

माल परदेशी पाठवणारी एक कंपनी मिळाली. तिच्याशी बोलणार कोण? घरात इंग्रजीचा मास्तर असताना हा काय प्रश्न झाला?

मी धुळ्याहून आबांच्या वतीनं पहिला मेसेज लिहिला. अहाहा! 'रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट अँड हंबल सबमिशन, आय बेग टू स्टेट...' इथून जी गाडी सुटली ती टाइप करून बोट दुखेपर्यंत थांबली नाही. केळ्याचं नाव शेवटच्या ओळीत आलं. समोरून तसंच झोकदार इंग्रजीत उत्तर. खाली सही : 'बेस्ट, आर. डी.'

मी सुनंदाला दाखवलं, "बघ, आपल्याला बेस्ट म्हणतोय."

"अहो, ते शेवटी लिहायची पद्धत असते ना?"

"पद्धत मला शिकवतेस?"

तिथेच देवानं इशारा दिला होता. पण इशारा घरच्या माणसाकडून आला की आपल्याला ऐकू येतो का?

मग आली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात आखाजीला लेकी माहेरी जातात आणि मागोमाग जावई जेवायला. आमरस, खापरावरच्या पुरणपोळ्या, कुरडया! मी आदल्या दिवशीच पोचलो. कंपनीची गाडी त्याच आठवड्यात येणार होती आणि घड कापायला मजुरांची टोळी सांगून ठेवलेली होती. ऊन असं की अंगणात पापड टाकला तर भाजूनच उचलावा.

ओसरीवर खाटेवर गादी, गादीवर चादर, चादरीवर मी. समोर आबा, बाजूला माझा मेहुणा प्रवीण, दारात सासूबाई. त्यांना आम्ही अक्का म्हणतो. शेजारचे दोघे-तिघेही 'जावई कधी उनात?' करत येऊन टेकलेले. आणि माझा फोन वाजला.

"दाजी, कंपनीना मेसेज उना का?" प्रवीण सरसावून बसला.

मी चष्मा लावला. मेसेज दोनच ओळींचा होता. तुम्हीही ऐका, आणि मनातल्या मनात अर्थ लावा.

'समथिंग हॅज कम अप. प्लीज होल्ड ऑफ ऑन कटिंग अनटिल वी टर्न अप.'

"काय म्हनी राह्यनी कंपनी?" आबांनी विचारलं.

आता माझी अवस्था सांगतो. 'गिव्ह अप' मला येत होतं, 'लूक आफ्टर' येत होतं, 'पुट ऑफ' तर मी फळ्यावर नाचून दाखवायचो. पण हे 'होल्ड ऑफ'? हे आमच्या क्लासच्या कागदांत नव्हतंच! तरी खाटेवरचा मास्तर 'मला माहीत नाही' म्हणेल का? मेला तरी म्हणणार नाही.

प्रवीण बिचारा भला पोरगा. तो म्हणाला, "मोबाईलमा देखी लेऊ का, काय अर्थ शे तो?"

मी काही बोलायच्या आत आबाच त्याच्यावर डाफरले. "अरे, जावईबापू इंग्रजीना मास्तर शेत. त्यासले काय मोबाईल शिकाडी?"

झालं! दोर कापले गेले. मी मान वर केली, घसा खाकरला आणि एकेक केळं तोडायला सुरुवात केली.

"समथिंग हॅज कम अप. समथिंग म्हणजे काहीतरी. कम अप म्हणजे वर आलंय. काय वर आलं असेल?"

"भाव!" शेजारचा म्हातारा ओरडला.

"बरोबर! भाव वर आलाय!" मी म्हणालो. शपथेवर सांगतो, मलाही तेव्हा ते पटलं. "आता पुढे. होल्ड ऑफ. होल्ड म्हणजे थांबवून ठेवणं. ऑफ म्हणजे?"

"बंद," प्रवीण म्हणाला. लाईट ऑफ, पंखा ऑफ, मोटर ऑफ. हे कुणाला माहीत नाही?

"थांबवणं बंद! म्हणजे इतके दिवस आपण थांबलो होतो, ते संपलं. आणि पुढे तर स्वच्छच लिहिलंय. ऑन कटिंग! कटिंग ऑन!"

ओसरीवर असा आनंद पसरला म्हणता! होल्ड ऑफ, कटिंग ऑन. मोटरच्या बटणासारखं सोपं. आता तुम्हीच सांगा, यात चुकल्यासारखं काय वाटतं? आणि 'अनटिल वी टर्न अप' तर मी चुटकीसरशी सोडवलं. टर्न म्हणजे वळणं, अप म्हणजे वर. चोपड्याकडून येणारा माणूस वळून वर सातपुड्याकडेच येणार ना? म्हणजे आम्ही तिकडे पोचेपर्यंत कापणी आटपून ठेवा!

सगळं जुळलं हो. एक शब्द शिल्लक राहिला नाही. चुकीचा अर्थ इतका गच्च बसलेला मी आजपर्यंत पाहिला नाही.

आबा मात्र जरा घुटमळले. केळी कापली की काही तासांत थंड खोलीत गेली पाहिजेत, नाहीतर परदेशी माल म्हणून त्यांची किंमत संपली, एवढं त्यांना कंपनीनं आधीच सांगितलेलं. "गाडी उनी नही आन कोयता लावाना?" ते हळूच म्हणाले. "फोन लाईसन एकदाव इचारी लेऊत का?"

फोन! म्हणजे मी इंग्रजीत बोलायचं! समोरचा माणूस काय वेगानं बोलेल, कोण जाणे. मेसेज चारदा वाचता येतो, माणूस चारदा वाचता येत नाही.

"आबा," मी म्हणालो, "मोठ्या कंपन्यांना असे फोन आवडत नाहीत. आपण अडाणी वाटतो."

मला अडाणी हा शब्द वापरायचा नव्हता. पण गेला तोंडातून. आबांनी कोपऱ्यातला कोयता उचलला आणि प्रवीणला सांगितलं, "टोळीले बलाव."

मी कंपनीला उत्तर धाडलं, 'नोटेड सर. वी विल डू द नीडफुल.' यापेक्षा सोयीचं वाक्य इंग्रजीत नाही! आपण नक्की काय करणार ते आपल्यालाही सांगावं लागत नाही. पलीकडच्यानं समजून घेतलं की हे लोक थांबणार. आम्ही समजून घेतलं की कापायचं. दोन्हीकडे समाधान!

लगेच उलट मेसेज, 'थँक्स फॉर बेअरिंग विथ अस.'

"आते काय म्हने?"

"बेअरिंगचं काहीतरी आहे," मी म्हणालो. "बेअरिंग त्यांच्याबरोबर आहे म्हणे."

"गाडीनी व्हई," प्रवीण म्हणाला. "लांबना रस्ता शे, सोबत ठेवतस लोक." आम्हाला कंपनीच्या शिस्तीचं फार कौतुक वाटलं.

दुपारपर्यंत बाग कापून झाली. टोळीनं घड खांद्यावरून आणून निंबाच्या सावलीत केळीच्या पानांवर मांडले. आबा प्रत्येक घडाखाली स्वतः पान सरकवत होते, कुठे खरचटू नये म्हणून. मग हातपाय धुतले, नवी टोपी घातली आणि बांधावर जाऊन उभे राहिले. गाडी बघत.

गाडी आली नाही.

संध्याकाळी मी मेसेज केला, 'सर, व्हेन यू आर टर्निंग अप?' उत्तर आलं, 'सून. द मॅटर इज बीइंग सॉर्टेड आउट.'

आता सॉर्टिंग म्हणजे केळीवाल्यांच्या भाषेत काय? प्रतवारी! चांगला माल एकीकडे, डागी एकीकडे. मी जाहीर केलं, "सॉर्टिंगची माणसं आउट झाली. म्हणजे निघाली!"

अक्कांनी चार माणसांचा जास्तीचा स्वयंपाक टाकला. माणसं कुठून येणार होती? तिकडे त्यांच्या कंटेनरचं काहीतरी अडलेलं, ते निस्तरत होते बिचारे.

दुसऱ्या दिवशी आखाजी. आबांनी सकाळी पुन्हा टोपी घातली, पुन्हा बांधावर. ऊन चढलं. घडांवर पाणी शिंपडलं, वर ओली पोती टाकली. पितरांचा घास काढला, माझ्या ताटात आमरस आला, आणि पहिल्याच घासाला प्रवीण बागेतून पळत आला. म्हणाला, काही केळ्यांची सालं काळवंडायला लागलीत.

मी तो आमरस कसा गिळला, मलाच ठाऊक. तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी कुणाला विचारायचं! अहो, पण बाग कापून झाल्यावर 'कापा म्हणाला होतात ना?' असं कोणत्या तोंडानं विचारू? आणि उत्तर 'नाही' आलं तर? मी मनात देवाला म्हणालो, गाडी पाठव. इंग्रजी परत घे हवं तर, पण गाडी पाठव.

गाडी आली तिसऱ्या दिवशी. मोठी नाही, एक लहानशी जीप. मी शर्ट खोचला, बूट घातले आणि तोंडपाठ केलेलं वाक्य घेऊन पुढे झालो. जीपमधून माझ्याच वयाचा एक सावळा, घामाघूम माणूस उतरला. हाच तो आर. डी.

"वेलकम सर! वी हॅव बीन लुकिंग फॉरवर्ड टू युवर टर्निंग अप!"

तो गडबडला. रुमालानं कपाळ पुसत म्हणाला, "थँक यू सर. सॉरी सर. डिले सर. नाऊ कंटेनर इज... इज... ओके सर."

"नो मेन्शन सर!"

"प्लीज सर!"

"आफ्टर यू सर!"

असे आम्ही एकमेकांना सर-सर करत निंबाखाली आलो. आणि त्यानं तो ढीग बघितला. काही घड हिरवे, काही पिवळे, काही काळे. दोन्ही हात डोक्यावर ठेवून तो ओरडला, "ओ माय वं! हाई काय करी ठेवं भो?"

मी दचकलो. आबा दचकले. दाराआडच्या अक्का बाहेर आल्या. हे इंग्रजी नव्हतं हो! ही आमची अहिराणी होती!

"तुम्ही... आठलाच शेतस का?" आबांनी विचारलं.

"सोनगीरना शे मी, आबा. राजेंद्र धुडकू. आमना घर बी केळी व्हत्यात," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "पन मी लिखेल व्हतं ना! होल्ड ऑफ! कोयता लावा नका म्हनीसन!"

आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी त्यालाच विचारलं, "होल्ड ऑफ म्हंजे काय?"

"थांबा, आबा."

"थांबा?"

"हा. थांबा."

एवढंच. एक शब्द. मराठीत तोच, अहिराणीत तोच. शेजारचा म्हातारा, प्रवीण, टोळीतला शेवटचा मजूर, सगळ्यांना समजणारा.

"मग तसं मराठीत लिहायचं ना!" मी ओरडलो. दुसरं काय करणार? बुडत्याला ओरडायला तरी पाहिजे.

राजेंद्र माझ्याकडे वळला. "तुम्हना तो पहिला मेसेज! आय बेग टू स्टेट! माले वाटनं, मालक कोनी मोठा सायेब शेत, मराठीमा लिखं त राग ई. एकेक मेसेज लिखाले माले किती टाईम लागे, माहीत शे? मना पोऱ्याकडथीन तपासी लेऊ!"

ऐकलंत? मी धुळ्याचा. तो सोनगीरचा. मधे हायवेचा एक तुकडा. आम्ही दोघं एकाच बोलीत लहानाचे मोठे झालो, आणि एकमेकांना घाबरून दुबईच्या भाषेत बोलत बसलो. आणि दोघांच्या मधे आबांची बाग झोपली.

राजेंद्रनं घड उलटेपालटे करून पाहिले. एकही कंटेनरमध्ये जाण्यासारखा नव्हता. त्यानं मान हलवली, आबांच्या पाया पडला आणि म्हणाला की पुढच्या कापणीला मी स्वतः येऊन उभा राहतो. आबांनी डोक्यावरची टोपी काढली, घडी घातली, खिशात ठेवली. त्या टोपीचा फोटो निघाला नाही. मला तेव्हा वाटलं, या माणसानं आता तो कोयता घेऊन माझ्या मागे लागावं. निदान दोन शिव्या तरी द्याव्यात.

पण इथेच तर खरी शिक्षा! आमच्याकडे जावयाला बोलायचं नसतं. जावई म्हणजे मान. त्यानं बाग कापली तरी मान. कुणी एक शब्द बोललं नाही. नेहमीच्या व्यापाऱ्याला निरोप गेला, तो आला, त्यानं ढिगातला जेमतेम धड माल उचलला, तोही तोंड वाकडं करून. बाकीची केळी गावभर वाटली. देवळात वाटली, बस थांबवून वाटली. गावातल्या म्हशी आधी पळत यायच्या, मग चालत यायला लागल्या, शेवटी केळं दिसलं की तोंड फिरवायच्या. वेफर्सवाल्यानं तर दारातूनच हात हलवला. त्याला कच्ची लागतात.

आणि मी? मला सासुरवाडीतून लगेच निघताही येईना, कारण आखाजीला आलेला जावई मधूनच उठून गेला तर लोक म्हणतील, सासऱ्यानं काही बोल लावला. म्हणून मला मानानं बसवून ठेवलं. सकाळी दुधात केळं. दुपारी आमरसाच्या जागी शिकरण. संध्याकाळी केळ्याची भजी. अक्का वाटी भरून वर म्हणायच्या, "ल्या ना जावईबापू, लाजू नका. बठ्ठी घरनीच शेत!"

त्यांच्या मनात काही नव्हतं हो. हे मला पटवून घ्यायला फार जड गेलं, पण खरंच नव्हतं. केळी समोर होती आणि जावई समोर होता, एवढंच. मी वाटी संपवायचो. संपली की अक्का पुन्हा भरायच्या. 'पुरे' म्हणायचा मला हक्क तरी कुठे होता?

रात्री सुनंदाला म्हटलं, "आबांना सांग ना, मला काहीतरी बोला म्हणावं."

ती आमच्या पोरीच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत म्हणाली, "ते काय बोलणार? तुमच्याबद्दल इतकी वर्षं गावाला जे सांगितलं, तेच गिळून बसलेत." आणि कुशीवर वळली.

धुळ्याला परत आलो आणि क्लासच्या फळ्यावर तेच वाक्य वाट बघत होतं. शब्द घडानं शिका. मी हातानंच पुसलं. एका पोरानं विचारलं, "सर, का पुसलं? भारी होतं ना?" मी म्हणालो, आज 'होल्ड ऑफ' शिकू. आणि मग पुढचा तासभर मला दुसरं काही शिकवताच येईना.

आता म्हणाल, संपला किस्सा. नाही, शेपूट राहिलंय.

बागेला पुढची केळी आली. मधे मी सासुरवाडीला जायचं टाळत होतो, पण लेकीला मामाकडे जायचं होतं, म्हणून गेलो. राजेंद्र आता घरचाच झालाय. तो आबांना मेसेज करतो, दोनच अक्षरांचा. 'कापा.' 'थांबा.' आबा स्वतः वाचतात. मधे कुणी मास्तर लागत नाही.

संध्याकाळी सगळे ओसरीवर बसलेले. खाटेवर गादी होती, गादीवर चादरही होती, पण मी आपणहून खाली सतरंजीवर बसलो. तेवढ्यात राजेंद्रचा मेसेज आला. या वेळी त्याच्याबरोबर कंपनीचा एक कागद जोडलेला होता, इंग्रजीत. प्रवीणनं फोन आबांपुढे धरला. आबांनी तो हातात घेतला, जवळ नेला, लांब नेला.

आणि बघा माणसाचा स्वभाव! इतकं होऊन, इतकी केळी खाऊन, माझा हात आपोआप खिशातल्या चष्म्याकडे गेला. मी चष्मा लावला. घसा खाकरला. म्हणालो, "आबा, मी काय म्हणतो..."

आबांनी वर बघितलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत. मग हाताचा पंजा वर केला आणि अगदी शांतपणे, स्वच्छ उच्चारात म्हणाले,

"जावईबापू, होल्ड ऑफ."

आणि काय सांगू, या वेळी मला अर्थ बरोबर कळला.